कुशाबाचा बैल आणि चांगूची गिधाडं

मुंबईत राहणाऱ्या मुलांना एक गोष्ट काही केल्या कळत नाही. आपण हौसेने पाठवलेला एखादा फोटो गावाकडे बापाच्या पोटात कसलं दुखणं उठवेल, याचा ते विचारच करत नाहीत.

शुभमने असाच एक फोटो सकाळी सकाळी पाठवला. वर्तमानपत्रातलं कात्रण होतं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, गळ्यात दुर्बीण अडकवलेला एक माणूस हसत उभा होता. मागे निसणीचा कडा दिसत होता. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘दाभेकोंडचे गिधाडमित्र चांगू उतेकर’. त्याच्याखाली शुभमने स्वतःची भर घातली होती, ‘बाबा, आपल्या चांगूकाकांचा फोटो! ऑफिसात सगळ्यांना दाखवला!’

कुशाबा उतेकर ओटीवर चहा पीत बसला होता. त्याने फोटो पाहिला. मोठा करून दुर्बीण पाहिली, मग हसू पाहिलं, आणि अर्धा चहा तसाच ठेवून दिला.

“साखर कमी पडली काय?” आतून त्याच्या बायकोने, ठकूबाईने विचारलं.

“साखर बरोबर हाय. माजंच तोंड कडू झालं.”

ठकूबाई बाहेर आली. तिने मोबाइल उचलला, फोटो पाहिला आणि समजायचं ते समजली. पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला कुठे काय दुखतं हे तिला डॉक्टरपेक्षा चांगलं कळत होतं.

चांगू हा कुशाबाचा सख्खा चुलतभाऊ. दोघांची घरं एकाच गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, अल्याडपल्याड. दोघे एकाच वर्षी जन्मले, एकाच बाकावर बसले आणि सातवीला एकाच विषयात नापास झाले. शिवथरच्या खोऱ्यात त्यांची जोडी प्रसिद्ध होती. पण गेली सात वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. बांधावरून नाही, आंब्यावरून नाही, गिधाडांवरून!

वाचकहो, कुशाबाचं दुःख अगदीच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. नऊ वर्षांपूर्वी निसणीच्या कड्यावरचं गिधाडाचं घरटं पहिल्यांदा पाहिलं ते कुशाबानेच. गुरं राखताना कड्यावर पांढरे ओघळ दिसले म्हणून त्याने मान वर केली, तर कपारीत काटक्यांचा ढीग आणि त्यावर उघड्या मानेचा मोठा पक्षी. संध्याकाळी त्याने ते चांगूला सांगितलं. चांगू म्हणाला, “कुशा, वीस वर्षांत गिधाड दिसलं नाय रे आपल्याला! चल, महाडला पक्षीवाल्यांना सांगून येऊ.” त्यावर कुशाबा म्हणाला, “कोण जातंय उन्हातान्हात? तूच जा.”

चांगू गेला. पक्षीमित्र आले, वनखातं आलं, दोन वर्षांनी चांगूला दुर्बीण आली तेव्हा कुशाबाने बोलणं टाकलं, आणि आता फोटोही आला. बातमीत लिहिलं होतं की घरटं चांगू उतेकर यांनी शोधलं. कुशाबाचं नाव कुठे औषधालासुद्धा नव्हतं. उन्हात न जाण्याचा आळस कुशाबा सोयीस्करपणे विसरला होता, पण आपलं घरटं भावाने पळवलं हे मात्र तो रोज उठून आठवत होता.

दाभेकोंडच्या वर एक मोकळा माळ आहे. मेलेली गुरं तिथे टाकतात, म्हणून त्याला ढोरमाळ म्हणतात. पूर्वी गुरं ओढून नेण्याचं काम गावाने काही घरांवर लादलेलं होतं. त्या लोकांनी ते नाकारलं, आणि बरोबरच केलं! तेव्हापासून ज्याचं ढोर त्याचा खांदा, आणि मदतीला सगळा कोंड, म्हणजे सगळी वाडी. इथे एक जुना रिवाज आहे. मयताला आणि मेलेल्या ढोराला बोलावणं लागत नाही. वैर असलं तरी माणूस येतो, हात लावतो आणि न बोलता परत जातो.

कुशाबा आणि चांगूच्या लहानपणी या माळावर शंभर-शंभर गिधाडं उतरत. सकाळी टाकलेल्या म्हशीचा संध्याकाळी सांगाडा उरे. दुर्गंधी नाही, रोगराई नाही, भटक्या कुत्र्यांची टोळी नाही. मग एकाएकी गिधाडं दिसेनाशी झाली. का झाली, हे कोणी विचारलं नाही. कावळा गेला असता तर पिंडाला अडलं असतं, गिधाडावाचून कोणाचं अडणार!

ते का गेली, हे गावाला उज्वलाताईंनी सांगितलं. या आमच्या वनरक्षक. मोटारसायकलवरून वरंधपर्यंतचं रान फिरणाऱ्या, बोलायला मऊ, पण खरं बोलायला न कचरणाऱ्या बाई. माघात देवळासमोर सभा झाली, तेव्हा कुशाबा मुद्दाम पुढे बसला होता. कड्याखालच्या रानात वणवा लावायचा नाही, तिथली झाडं तोडायची नाहीत, असा ठराव चांगू मांडणार होता. आणि चांगूने आणलेला ठराव म्हणजे कुशाबाला तो मोडलाच पाहिजे!

“मॅडम, माजा एक प्रश्न हाय,” कुशाबा उठून म्हणाला. “आज पक्षी राखा म्हणता. उद्या नॅशनल पार्क करून तारेचं कुंपण घालाल. मंग आमची गुरं काय तुमच्या ऑफिसात चारायची?”

लोक हसले. प्रश्न मत्सरापोटी आला होता, पण प्रश्न खरा होता. उज्वलाताई हसल्या नाहीत.

“काका, तुमची भीती खोटी नाही,” त्या म्हणाल्या. “आपल्या देशात रानं राखली ती आधी राजेलोकांनी, स्वतःच्या शिकारीसाठी. मग इंग्रजांनी राखली, सागाच्या लाकडासाठी. स्वातंत्र्यानंतर अभयारण्यं झाली, राष्ट्रीय उद्यानं झाली. ती झाली म्हणून आज वाघ शिल्लक आहे. पण त्यासाठी कितीतरी ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं उठवली गेली. मी खात्याची माणूस आहे, तरी ते लपवणार नाही. तिथे चुका झाल्या.”

 सरकारी माणसाच्या तोंडून ‘चुका झाल्या’ हे शब्द कोंडाने पहिल्यांदाच ऐकले होते.

“पण गिधाडाचं गणित वेगळं आहे,” उज्वलाताई पुढे म्हणाल्या. “ते सकाळी तुमच्या कड्यावरून उठतं, घाट ओलांडून भोरला जातं, पोलादपूरवरून फिरून संध्याकाळी परत येतं. त्याला कुंपण कुठे घालू? ते जिथे उतरून जेवतं तो प्रत्येक माळ त्याचं राष्ट्रीय उद्यान. आणि ते उद्यान सरकारच्या नाही, तुमच्या हातात आहे. दुखण्यावरचं एक इंजेक्शन असतं, डायक्लोफेनॅक. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं, तर त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. दोन दिवसांत पक्षी मान टाकतो. एका जनावरावर सगळा थवा जेवतो, म्हणजे एका चुकीत सगळा थवा संपतो. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. मेलेले भरून यायला माणसाचं आयुष्य जाईल. ते औषध जनावरांना द्यायला बंदी आहे. त्याऐवजी दुसरं सुरक्षित औषध मिळतं. जनावर आजारी पडलं की चांगूकाकांना सांगा, ते फोन करून आपल्या डॉक्टरांना बोलावतील.”

ठराव मंजूर झाला. कोंडाने नियमही केला की ढोरमाळावर ढोर टाकण्यापूर्वी चांगूने मालकाला सगळ्यांसमोर विचारायचं, काय औषध दिलं होतं? उत्तर वहीत लिहायचं. संशय असला तर ढोर पुरायचं.

कुशाबाच्या कानात मात्र एवढंच राहिलं, ‘चांगूकाकांना सांगा’.

शिमगा आठ दिवसांवर आला होता. कुशाबाचा बैल पाखऱ्या चरताना वरच्या बांधावरून घसरला आणि खाली दगडांवर आदळला. कसाबसा गोठ्यात आणला, पण मागचा पाय टेकवेना. कुल्ला सुजून टम्म झाला. बैल दावणीला कण्हत होता आणि कुशाबाचा जीव खालीवर होत होता. हा बैल त्याने वासरापासून हाताने भरवून वाढवला होता.

“चांगूभावजींना सांगा,” ठकूबाई म्हणाली. “डॉक्टर येईल महाडवरून. सांगायला लाज वाटत असंल तर मी जाते गडग्यावरून.”

“गप बस गो! त्याच्या फोनवर आलेला डॉक्टर माज्या गोठ्यात नको. उद्या तेवढंच पेपरात छापून येईल, ‘गिधाडमित्राने बैल वाचवला’!”

“येऊ दे की! बैल तर वाचंल.”

“माज्याकडं औषध हाय,” कुशाबा म्हणाला, आणि त्याने फडताळातला डबा काढला.

त्या डब्यात त्याच्या स्वतःच्या गुडघ्याची इंजेक्शनं होती. पावसाळ्यात पोलादपूरच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली. चार घेतल्यावर गुडघ्याची सूज उतरली, म्हणून सहा उरली होती. माझ्या गुडघ्याला चाललं ते माझ्या बैलाला का चालणार नाही, असा त्याने सरळ हिशोब केला. यात बैलावरचं प्रेम नव्हतं असं नाही. प्रेमाला मत्सराने दावं लावलं की ते असंच भलतीकडे ओढलं जातं. तीन कुप्या पहिल्या दिवशी, तीन दुसऱ्या दिवशी. ठकूबाईने कासरा धरला आणि त्याने टोचलं. कुपीवरचं नाव त्याने वाचलं होतं. सभेत ऐकलेलं नाव तेच आहे, हेही त्याला कळलं होतं. पण बैल मरेल असं कोणाच्या मनात होतं!

तिसऱ्या दिवशी पहाटे पाखऱ्याने मान टाकली.

ठकूबाईचा हंबरडा ऐकून कोंड जमा झाला. मुंबईला गेलेले वजा जाता उरलेले सात-आठ बाप्ये दोर घेऊन आले. वयाने सगळ्यांत थोरला रामजी आला, गणू आला. आणि गडग्यावरून चांगूही आला. रिवाजच तसा. त्याने पाखऱ्याच्या कपाळावर हात ठेवला, डोळे पुसले आणि गुपचूप दोराला हात घातला. झाडाच्या फांद्यांवर बैल ठेवून सगळ्यांनी तो ओढत माळापर्यंत नेला. दिवस दोन कासरे वर आला तेव्हा सगळे घामाघूम होऊन माळावर टेकले.

मग चांगूने पिशवीतून वही काढली. सात वर्षांत पहिल्यांदा तो भावाशी बोलला.

“कुशा, नियम हाय म्हणून विचारतो. काय औषध दिलंवतंस?”

कुशाबाने वर पाहिलं. चांगूच्या गळ्यात तीच दुर्बीण होती. हातात वही, खिशाला पेन! सातवी नापास माणूस, आणि विचारतोय मास्तरासारखा. सगळा कोंड बघतोय. आता ‘होय, तेच औषध दिलं’ म्हणावं? म्हणजे आपण चुकलो, चांग्या बरोबर, हे चारचौघांत कबूल करावं? आणि मनाच्या अगदी तळाशी आणखी एक विचार वळवळला. तो लिहितानासुद्धा मला लाज वाटते. कुशाबाला वाटलं, गिधाडं गेली तर गिधाडमित्र तरी कसला उरतो?

“कायच नाय,” कुशाबा म्हणाला. “झाडपाल्याचा लेप लावलावता. दुसरं काय नाय.”

चांगूने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. “तुज्या शब्दावर लिहितो,” म्हणाला, आणि लिहिलं. माणसं परत फिरली. चांगू मात्र वही आणि दुर्बीण घेऊन करवंदीच्या जाळीआड बसला. कड्यावर आता सात गिधाडं होती आणि कपारीत एक पिल्लू. सातांतली किती उतरतात हे मोजणं त्याचं काम होतं.

घरी ठकूबाई रिकाम्या दावणीजवळ बसली होती.

“पुरला?” तिने विचारलं.

कुशाबा पाय धुवायला वळला.

“मी विचारते, पाखऱ्याला पुरला का?”

“माळावर टाकला.”

“आणि भावजींनी विचारलं नाय?”

“विचारलं. सांगितलं, झाडपाला.”

ठकूबाई उठून उभी राहिली. ती मोठ्याने बोलणारी बाई नव्हती. त्या दिवशीही ती हळूच बोलली, पण कुशाबाला ते गावभर ऐकू जाईल असं वाटलं.

“कासरा मी धरलावता. सुई मी बघितली. आता या पापात मला पण घेतलंत तुम्ही.”

“कसलं पाप गो? पक्षीच ते! मेलेलं खाणारे. चांग्याचे सोयरे!”

“चांगूभावजींचे? गिधाडं काय त्यांनी अंड्यातून काढली? कड्यावर घरटं पहिल्यांदा कोणी बघितलं? त्या दिवशी घरी येऊन पोरासारखं हात पसरून ‘एवढं मोठं, एवढं मोठं’ कोण सांगत होतं? ती जेवढी त्यांची, तेवढी तुमची. मंग मारताय कोणाची?”

 “त्यानं माजं नाव घेतलं नाय पेपरात,” कुशाबा पुटपुटला.

“नाय घेतलं, ते चुकलंच त्यांचं. मी स्वतः जाऊन सांगीन तोंडावर. पण तुमचं नाव पेपरात नाय म्हणून सात पक्षी आणि कपारीतलं एक पिल्लू मरावं? त्यांना वाचता येतं काय पेपर?” ठकूबाईने रिकाम्या दावणीकडे बोट केलं. “आणि पाखऱ्या कशानं मेला, सांगू? पडल्यानं नाय मेला. डॉक्टर एका फोनवर येणार होता, मधी फक्त एक गडगा होता. तो गडगा तुम्हाला ओलांडवला नाय. कदाचित वाचला असता माजा बैल! आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारा माणूस गोष्टीत ऐकलावता. माज्या घरात असंल असं वाटलं नवतं.”

कुशाबा दावणीकडे पाहत राहिला. दावणीत पाखऱ्याने अर्धवट सोडलेला पेंढा तसाच पडला होता. दोन दिवस तो बैल त्याच्याकडे बघत कण्हत होता, आणि आपण काय बघत होतो? गडग्यापलीकडच्या अंगणातला उजेड! कोण आलं, किती गाड्या आल्या, कोणी फोटो काढला! अरे, आपण काय करून बसलो! बैल तर घालवलाच, आणि आता त्याच्याच अंगात विष ठेवून त्याला माळावर पाठवला!

त्याने वर पाहिलं. ऊन तापलं होतं. निसणीच्या कड्यावरून एक मोठा पक्षी पंख न हलवता गोल फिरत वर चढत होता. त्याच्या मागे दुसरा, मग तिसरा!

“ठकू, फावडी घे! आणि रामजीला हाक मार!” एवढंच ओरडून कुशाबा धावत सुटला.

दुखऱ्या गुडघ्याने तो चढ कसा चढला ते त्याचं त्यालाच माहीत. दोनदा पडला, एकदा वहाण तुटली, ती तिथेच टाकली. माळावर पोचला तेव्हा सागाच्या वठलेल्या झाडावर दोन गिधाडं बसली होती, आणि तिसरं पंख मिटून पाखऱ्यापासून दहा पावलांवर तुरूतुरू चालत पुढे येत होतं. “हाऽड! हाऽड!” कुशाबा दोन्ही हात हलवत धावला आणि सरळ पाखऱ्याच्या अंगावर आडवा पडला. गिधाड दचकून फडफडत उडालं.

करवंदीतून चांगू उसळून बाहेर आला.

“कुश्या! वेड लागलं काय रे तुला? सात वर्षं जळतोयस ते कमी झालं? आता बैल दिलास नि परत घ्यायला आलास? जळ की, पण घरात बसून जळ!”

“शिव्या मंग दे!” कुशाबाला धाप लागली होती. “आधी ती हाकल! खोटं बोललो मी, चांग्या! माज्या गुडघ्याची इंजेक्शनं दिली त्याला. सहाच्या सहा! तीच ती, मॅडमनी नाव सांगितलेली!”

 चांगूने एकदा वहीकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे. आता पाच गिधाडं डोक्यावर फिरत होती आणि प्रत्येक फेरीला खाली येत होती.

मग ज्या माणसाने नऊ वर्षं गिधाडं यावीत म्हणून उन्हातान्हात वाट पाहिली होती, त्यानेच दुर्बीण बाजूला टाकली, ढेकळं उचलली आणि आपल्याच पाखरांवर भिरकावायला सुरुवात केली. “जा! जा रे बाबांनो! आज नाय! आजचा घास नाय तुमचा!” तो ओरडत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एका बाजूने चांगू, दुसऱ्या बाजूने कुशाबा, मधे पाखऱ्या. दोन म्हातारे पोरांसारखे माळभर धावत होते.

रामजी, गणू, ठकूबाई आणि बाकीचे फावडी-कुदळी घेऊन आले तेव्हा दोघांचे आवाज बसले होते. माळाच्या कडेला जमीन जरा मऊ होती, तिथे सगळ्यांनी खड्डा खणला. पाखऱ्या खोल पुरला, वर दगड रचले. ठकूबाईने त्यावर हळदकुंकू वाहिलं. तोवर उन्हं कलली होती आणि गिधाडं उपाशीच कड्याकडे परत गेली होती.

“किती होती?” कुशाबाने विचारलं.

“सात. सगळी.” चांगू म्हणाला. “आणि एकानं पण चोच लावली नाय. मी जाळीतून नजर हलवली नवती.”

कुशाबाने हात जोडले. “मला पाण्यात बघ, वाळीत टाक, काय पण कर. मी जळून जळून कोळसा झालो रे. तुजा फोटो आला की मला जेवण जाईना. घरटं मी बघितलं, आणि नाव तुजं!”

 चांगू दगडावर बसून म्हणाला, “त्या पेपरवाल्यानं मला विचारलंवतं, पहिल्यांदा कोणी बघितलं? माज्या तोंडावर तुजं नाव आलंवतं, कुशा. पण मी गिळलं. म्हटलं, हा माज्याशी बोलत नाय, मी कशाला त्याचं नाव घेऊ? तुजं खोटं आज वहीत लिहिलंय. माजं पेपरात छापलंय. फरक एवढाच.”

रामजीने तंबाखू मळता मळता दोघांकडे पाहिलं. “दोघं पण सातवीलाच बसलाव अजून,” तो म्हणाला, आणि माणसं हसली. कुशाबाही हसला. सात वर्षांनी दोघे भाऊ एकाच वाटेने खाली उतरले. गुडघा सुजला होता, म्हणून उतारावर कुशाबाने चांगूचा खांदा धरला होता.

दुसऱ्या दिवशी उज्वलाताई आल्या. कुशाबाने स्वतःहून सगळं सांगितलं. सहाही रिकाम्या कुप्या पुढे ठेवल्या आणि काय शिक्षा असेल ती द्या म्हणाला.

“काका, काल तुम्ही धावला नसतात तर उद्या मी सात मेलेले पक्षी मोजत असते,” त्या म्हणाल्या. “राष्ट्रीय उद्यानाला पहारेकरी असतात, बंदुका असतात, फाटक असतं. तुमच्या ढोरमाळाला फक्त एक प्रश्न आणि त्याचं खरं उत्तर आहे. तेवढंच त्याचं कुंपण. ते तुम्ही काल तोडलंत आणि तुम्हीच बांधलंत. यापुढे तो प्रश्न तुम्ही विचाराल?”

कुशाबाला वाटलं, आपली थट्टा चालली आहे. पण चांगूने पिशवीतून वही काढली आणि त्याच्या हातात दिली.

चैत्रात गणूची म्हैस गेली. कोंड जमला, दोर आले, म्हैस माळावर पोचली. कुशाबाने वही उघडली. सगळ्यांदेखत तो म्हणाला, “गणू, काय औषध दिलंस? खरं सांग. लाजू नको. या जागेवर उभा राहून मी खोटं बोललोवतो.”

गणूने खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढली. डॉक्टर वेळेवर आले होते. म्हैस म्हातारपणाने गेली होती, आणि दिलेलं औषध सुरक्षित होतं. त्या दिवशी सातही गिधाडं पोटभर जेवली. कुशाबा आणि चांगू करवंदीआड एकच दुर्बीण आळीपाळीने डोळ्यांना लावत बसले. कोणी किती वेळ धरायची यावरून थोडी भांडणंही झाली. ती भावाभावांत व्हायचीच!

वैशाखात कपारीतलं पिल्लू उडालं. आधी कड्यावरच पंख झाडत बसलं, मग एका गरम वाऱ्यावर स्वतःला सोडून दिलं. ते गोल गोल वर चढलं आणि दक्षिणेकडे निघालं.

“अरे, पोलादपूरच्या हद्दीत चाललं!” चांगू कळवळून म्हणाला. “तिथंच राहिलं तर? मंग फोटो त्या लोकांचे येतील!”

कुशाबाने दुर्बीण खाली घेतली आणि मोकळेपणाने हसला.

“येऊ दे की त्यांचे पण,” तो म्हणाला. “तिकडचा माळ कोण राखतो, ते उद्या जाऊन विचारून येऊ. इंजेक्शनाचं सांगायला नको काय त्यांना? उन्हात मी येतो.”

बंधू-भगिनींनो, रानं राखायला कायदे हवेत, उद्यानं हवीत, उज्वलाताईंसारखी माणसं हवीत. पण रानाला जसे कुऱ्हाड आणि वणवा संपवतात, तसा शेजाऱ्याचं बरं न बघवणारा डोळाही संपवतो. तुमच्या गावात कोणी झाड राखत असेल, तळं राखत असेल, पाखरू राखत असेल, आणि त्याचा फोटो पाहून तुमच्या पोटात दुखत असेल, तर त्या दुखण्यावर इंजेक्शन शोधू नका. मधला गडगा ओलांडा आणि त्याच्या कामाला हात लावा. शुभमला आता बापाने स्वतः एक फोटो पाठवला आहे. त्यात दोन म्हातारे आहेत, आणि आभाळात एक ठिपका. ठिपका नीट दिसत नाही, पण कुशाबा सगळ्यांना तोच आधी दाखवतो.